हमी नेमकी कुणाला?

"आई, फ्लॅटचे पेपर्स कुठे ठेवलेत गं?" रविवारी सकाळी दादाने विचारलं आणि माझा चहाचा कप हातातच राहिला.

दादाचं भोसरीत छोटं वर्कशॉप आहे. दोन जुने लेथ, तीन माणसं आणि चाकणच्या कंपन्यांना लागणारे बुश-पिना. मोठी ऑर्डर दारात उभी होती, पण त्यासाठी सीएनसी हवं. किंमत १८ लाख. बँकेतल्या साहेबांनी पहिलाच प्रश्न टाकला, "तारण काय देताय?" आमच्याकडे तारण एकच. बाबांनी पीएफ काढून घेतलेला चिंचवडचा वन-बीएचके. बाबा आता नाहीत. आई त्याच घरात राहते.

"तू पत्रकार ना? शोध काहीतरी," दादा म्हणाला. मास कॉमच्या दोन वर्षांत बँकेत काय बोलावं हे कुणी शिकवलं नव्हतं. तरी बसले खोदकाम करत.

तर फंडा असा. केंद्र सरकार आणि सिडबीने २००० साली एक ट्रस्ट काढला. त्याचं आजचं नाव सीजीटीएमएसई, म्हणताना जिभेला गाठच बसते! छोट्या उद्योजकाला घर गहाण न टाकता, बाहेरचा जामीनदार न आणता कर्ज मिळावं आणि ते बुडालंच तर बँकेच्या नुकसानीचा मोठा वाटा ट्रस्टने उचलावा, अशी ही सोय. एप्रिल २०२५ पासून तिची मर्यादा १० कोटींवर गेली. पण आपण ट्रस्टकडे जायचं नसतं. हमी बँक घेते. तिच्यावर सक्ती नाही, आधी तिला आपला धंदा पटावा लागतो. आणि विषय बहुतेक वेळा आपल्यालाच काढावा लागतो.

पुढच्या खेपेला आम्ही फाइल घेऊनच गेलो. उद्यम नोंदणी, तीन वर्षांचे रिटर्न्स, जीएसटीचे कागद, मशीनचं कोटेशन, सीएकडून करून घेतलेला प्रोजेक्ट रिपोर्ट आणि सगळ्यात वर त्या ऑर्डरचं पत्र. साहेबांनी ते पत्र दोनदा वाचलं. मग म्हणाले, "हमीखाली बसेल. पण दरवर्षी फी पडेल, अर्ध्या टक्क्याच्या आसपास." साडेचार लाख आपले घालायचे, साडेतेरा लाख बँकेचे, आणि मशीन बँकेकडे नजरगहाण.

दीड महिन्याने मंजुरी आली. दादा सॉलिड खूश! पेढे घेऊनच घरी. "आता नो टेन्शन, सरकारची गॅरंटी आहे."

"म्हणजे नाही जमलं तर सरकार भरणार?" आईने विचारलं.

दादाने माझ्याकडे पाहिलं. खरं सांगणं भाग होतं. "नाही गं आई. हमी बँकेला आहे, आपल्याला नाही. ट्रस्टने बँकेला पैसे दिले तरी कर्ज दादाच्याच नावावर राहतं. बँक वसुली सोडत नाही, सिबिल बिघडतं ते वेगळंच."

"मग आपल्याला काय मिळालं?"

"हे घर त्यात अडकलं नाही."

आई थोडा वेळ गप्प बसली. मग फ्लॅटचे कागद परत कपाटात, साड्यांच्या खाली ठेवले आणि दादाला म्हणाली, "हप्त्याची तारीख त्या कालनिर्णयवर लिहून ठेव. दर महिन्याला मी विचारणार आहे."

दादाने पेन घेतलं आणि ७ तारखेभोवती गोल केला.