अर्ज कोणी तपासायचा?

कळंबला रविवारी वंदना झाली की आम्ही विहारातच मुलामुलींना अर्ज लिहायला आणि चारचौघांत बोलायला शिकवतो. ग्रीसमधील अॅरिस्टॉटल सुमारे २३०० वर्षांपूर्वी सांगून गेले की बोलणाऱ्यावर विश्वास बसावा, बोलणे मनाला भिडावे आणि मुद्द्याला आधार असावा. आम्ही मुलांना विचारतो, तू कोण, ऐकणारा कोण, पुरावा कुठे? मग कागदांची अदलाबदल. शेजाऱ्याचा कागद वाचायचा, अडले तिथे खूण करायची. नुसते 'छान आहे' लिहायला बंदी!

एकदा आम्ही स्वतःचाच अर्ज वाचायला दिला. गल्लीतल्या एका विधवा मावशींचे निराधार अनुदान थांबले होते. आम्ही दोनदा अर्ज लिहून दिला, उत्तर नाही. साहेबांना दोष देऊन मोकळे झालो होतो. अकरावीतली एक मुलगी म्हणाली, "गुरुजी, मावशीचं दुःख कळलं. पण पैसे कोणत्या महिन्यापासून थांबले, ते कुठं लिहिलंय?"

लिहिलेच नव्हते. पासबुकाची प्रतही जोडली नव्हती. खरे सांगतो, राग आला. तीस वर्षे लोकांचे अर्ज लिहितो आम्ही!

एका मुलाने विचारले, "मग सगळ्यांचंच ऐकायचं का?" तेव्हा आम्ही लाहोरची हकीकत सांगितली. १९३६ च्या अधिवेशनासाठी जात-पात तोडक मंडळाने बाबासाहेबांना अध्यक्ष म्हणून बोलावले होते. भाषण आधी वाचल्यावर मंडळी बिचकली, काही भाग गाळा म्हणाली. बाबासाहेबांनी स्वल्पविरामही बदलायला नकार दिला. अधिवेशन बारगळले, तेव्हा स्वखर्चाने १५०० प्रती छापल्या. पुढे गांधीजींनी 'हरिजन'मध्ये टीका केली, ती १९३७ च्या दुसऱ्या आवृत्तीत छापून सोबत उत्तरही दिले. कळत नाही म्हणणारा वाचक वेगळा आणि बोलू नका म्हणणारा वेगळा. आमची पोरगी पहिल्यातली होती.

तिसरा अर्ज तिनेच लिहिला, अकरा ओळींचा. महिना, खाते क्रमांक, मागणी, सगळे वरच. अंगठा घेण्याआधी मावशींना मोठ्याने वाचून दाखवला. मावशी म्हणाल्या, "समदं बराबर हाय बाई, पण पासबुकावर माझं नाव माहेरचं हाय."

हे आम्ही त्यांना कधी विचारलेच नव्हते. नाव दुरुस्त करून अर्ज दिला आहे. पोच त्या मुलीच्या वहीत आहे.