उसना खेळाडू

जामसावळीच्या मारुतीचे दर्शन घेऊन सौंसरहून पांढुर्ण्यास परतत होतो. बरोबर फोंड्याचे मेहुणे, डेंपो क्लबचे जुने भक्त. क्लबने २०१५ मध्ये रोमिओ फर्नांडिस ब्राझीलच्या ॲटलेटिको परानाएन्सेस उसना दिला. त्याच वर्षी क्लब आय-लीगच्या वरच्या श्रेणीतून घसरला. हे शल्य त्यांच्या मनातून जात नाही. तेथे त्यास मोजकेच खेळावयास मिळाले, हे आणखी एक दुःख.

"घरची पेरणी सोडून बैल सावडीला कोण देतो?"

मी वकिली थाटात म्हणालो, "बैलाची संमती कोणी विचारीत नाही, खेळाडूच्या सहीवाचून असा करार होत नाही. त्यालाच जावयाचे असेल तर?"

"मग भावोजी, तुमच्या हाताखालच्या पोराला नागपुरास वर्षभर शिकावयाचे होते. त्याला का अडविलेत?"

जाम नदी येईपर्यंत मी खिडकीबाहेरच्या संत्र्यांच्या बागा पाहत राहिलो.