तळाखालची दोन अक्षरे

मुलुंड, घाटकोपर येथील कच्छी घरांत पणजीच्या वेळचे चांदीचे एखादे तबक किंवा गुलाबदाणी अजून जपलेली आढळते. सणावारी ती चिंचेने उजळली जाते. तिचा तळ मात्र सहसा कोणी पाहत नाही. ती घडविणाऱ्याचा शोध तेथूनच सुरू होतो.

व्हिक्टोरिया राणीच्या काळी कच्छच्या चांदीकामास विलायतेतही मागणी होती. त्यातील सर्वांत नावाजलेले कारागीर म्हणजे भूजचे उमरशी मावजी, कच्छच्या महारावांचे दरबारी रौप्यकार. १८६० ते १८९० हा त्यांच्या कामाचा साधारण काळ. भांड्यात राळ भरायची, बाहेरून छिन्नीने वेलबुट्टी उठवायची, आणि त्या दाट वेलींत बारीकशी जनावरे दडवायची, अशी ही घडण. चहाच्या संचाचा आकार साहेबाच्या टेबलाचा, अंगावरची नक्षी मात्र कच्छची. तळाखाली रोमन लिपीत 'ओ. एम.' असा ठसा. कधी त्याच्या जोडीला 'भूज'.

उमरशींचा 'ओ' कसा झाला? त्या काळच्या इंग्रजी लेखनात 'उ'साठी दोन 'ओ' लिहीत. एवढ्यावरूनही वंशजाची वाट चुकावी! शिवाय उमरशी हे स्वतःचे नाव, मावजी हे वडिलांचे. आडनाव ठशात नाहीच. लंडनच्या चांदीवर कारागिराच्या नोंदलेल्या खुणेसोबत वर्षदर्शक अक्षरही असे. हिंदुस्थानात तशी सक्ती नव्हती. म्हणून अशा कारागिराच्या वारसाला मुख्य आधार दोनच: ठसा, आणि घराण्याचा वहीवंचा असल्यास त्याच्या वहीतील बाप-लेकांची नावे.

बोरिवलीला कच्छ एक्सप्रेस पकडून भूजला जाणाऱ्यास आयना महाल, प्राग महाल पाहता येतात. पण २६ जानेवारी २००१ च्या भूकंपात जुन्या भूजचा मोठा भाग कोसळला. त्यामुळे उपनगरांतील कपाटांत जे उरले आहे, त्याचे मोल अधिक.

आणि तेच आज मोडीत निघते. सराफ वजन करतो, झाळेची तूट धरतो, चांदी आटवतो; ठशाला तेथे भाव नाही. भूजमध्ये त्याच धाटणीचे काम करणारे इतरही होते, तेव्हा प्रत्येक तबक उमरशींचे नव्हे. तरीही मोडीत देण्याआधी ते उलटे करून भिंगाखाली पाहावे, ठशाचे छायाचित्र घ्यावे, आणि ते घरात कोणाकडून आले हे वडीलधाऱ्यांना विचारून लिहून ठेवावे.