रत्नांची पुरचुंडी

मैत्रिणींनो, खरं सांगा, तुमच्या डाळीच्या डब्यात तळाशी चार नोटा आहेत की नाही? माझ्या आहेत. म्हणूनच आमचे चिरंजीव माझ्या मोबाईलवर जो खेळ खेळतात, त्यातली रत्नं मला चटकन समजली.

खेळाचं नाव ‘क्लॅश ऑफ क्लॅन्स’. फिनलंडमधल्या कंपनीने २०१२ साली काढलेला. आपलं गाव वसवायचं आणि जगभरच्या खेळाडूंनी एकमेकांच्या गावांवर धाडी घालायच्या. धाडीत सोनं जातं, एलिक्झिर नावाचा रस जातो; पण हिरवी रत्नं मात्र कुणालाच लुटता येत नाहीत.

“म्हणजे स्त्रीधनच की रे!” मी म्हटलं. नववीतल्या मुलाला त्यातलं काय कळणार म्हणा!

ही रत्नं विकतही मिळतात. त्याने पैसे मागितले तेव्हा मी साफ नाही म्हटलं. “मी महिनाभर वर्गात घसा कोरडा करते, तेव्हा पगार हाती पडतो. तूही मिळव, मग खर्च कर.”

आणि पोरगं खरंच मिळवायला लागलं. गावात ८ तासांनी एखादं झुडूप उगवतं, ते गवंड्याकडून काढून घ्यायचं. त्याखाली कधी ६ रत्नं निघतात, कधी १, कधी काहीच नाही. क्वचित एखादी पेटी सापडते, तिच्यात २५. चौथ्या गवंड्याच्या झोपडीला १००० रत्नं पडतात. गवंडी जास्त, तेवढी कामं एकदम चालतात. महिनोन्‌महिने झुडपं उपटून त्याने ८७० जमवली. “अगदी तुझ्यावर गेलाय,” हेसुद्धा म्हणाले.

आणि मी काय केलं असेल? सकाळची शाळा आटोपून घरी आले, त्याच्यासाठी झुडूप काढावं म्हणून खेळ उघडला. मोठं बांधकाम चाललेलं, दीड दिवस बाकी. शेजारी बटण, ‘लगेच पूर्ण करा’. म्हटलं, आल्यावर किती खूश होईल! खेळाने पुन्हा विचारलंही, नक्की ना? आकडा नीट दिसला नाही असं सांगणार होते, पण खोटं कशाला बोलू? दिसत होता. एका बोटासरशी तीनशेवर रत्नं गेली.

संध्याकाळी त्याने मोबाईल पाहिला आणि गप्प बसून राहिला. चिडला असता तर बरं झालं असतं, बाई. जेवणही धड गेलं नाही त्याला. शेवटी मीच म्हटलं, “बाळा, डब्यातले पैसे आहेत. भरून देते.”

“नको. विकतची नकोत,” तो म्हणाला. “तूच म्हणाली होतीस ना?”

मी काय बोलणार! दुसऱ्या दिवशी दप्तर उचलता उचलता त्याने मोबाईल माझ्या हातात दिला. “आई, दुपारचं झुडूप आजपासून तुझ्याकडे. फक्त झुडूप हं!”

तेव्हापासून शाळेतून आले की चहाच्या आधी मी झुडूप काढते. परवा २ मिळाली, काल काहीच नाही. ६१२ झाली आहेत.