हँडब्रेकच्या तारेची राखण

व्यापाऱ्याच्या घरी मोटारगाडी केवळ चैन म्हणून येत नाही. ती पेढीचाच एक कष्टाळू नोकर असते. वसुली, लग्नकार्य, दवाखाना, सगळीकडे तिलाच जुंपले जाते. तिच्या तेलाची, टायरांची आणि विम्याची नोंद वहीत नियमाने होते. हँडब्रेकच्या तारेची आठवण मात्र सहसा कोणालाच राहत नाही.

सांगलीच्या बाजारात हळदीची पेढी चालविणाऱ्या एका अण्णांची गाडी महिन्यातून एकदा तरी आंबा घाट उतरून रत्नागिरीस जाई. एका उन्हाळ्यात त्यांना जाणवले, की हँडब्रेकचा दांडा जड लागतो आणि सोडल्यावरही गाडी कोणी मागून धरून ठेवल्यासारखी चालते. प्रवासानंतर मागच्या एका चाकाजवळ हात नेला की धग लागे; दुसरे चाक त्या मानाने थंड असे. धाकटे चिरंजीव म्हणाले, "अण्णा, गाडी चालते आहे ना? मग दिवाळीनंतर बघू." अण्णांनी शांतपणे उत्तर दिले, "बाळ, हँडब्रेक चालण्यासाठी नसतो, थांबण्यासाठी असतो. गोदामाच्या उतारावर हमाल गाडीच्या मागेच उभे असतात, आणि सुट्टीत आपली नातवंडेही तिथेच खेळतात." दुसऱ्या दिवशी गाडी गॅरेजात गेली.

लिफ्टवर चढविताच कारण उघड झाले. मागे केव्हातरी सायलेन्सर बदलताना नळीवरचा उष्णतारोधक पत्रा परत बसविलाच गेला नव्हता. तारेची एक पकडही सुटली होती आणि तार तापत्या नळीला टेकली होती.

ही तार म्हणजे नुसता लोखंडी दोर नव्हे. पोलादी तारांचा पीळ, त्याभोवती प्लॅस्टिकचे गुळगुळीत अस्तर, त्यावर मजबूत आवरण आणि टोकांना रबरी टोप्या, अशी तिची रचना असते. धुराची नळी, विशेषतः कॅटॅलिटिक कन्व्हर्टरजवळ, काहीशे अंश सेल्सिअसपर्यंत तापते. अस्तरासाठी वापरले जाणारे नायलॉन प्रकारानुसार २०० अंशांच्या आसपास वितळू लागते. पॉलिथिन तर त्याच्या पुष्कळ आधी मऊ पडते. अस्तर बिघडले की तार आत अडकते, ग्रीस वाळते. तडकलेल्या टोपीतून पाणी शिरले की गंज चढतो. मग ब्रेक पुरता लागत नाही किंवा पुरता सुटत नाही. न सुटलेला ब्रेक चाकातच नवी उष्णता निर्माण करतो आणि लायनर झिजवितो.

मेकॅनिकने नवी तार घातली. पण अण्णा तेवढ्यावर थांबले नाहीत. पत्रा नसताना नवी तार टाकणे म्हणजे गळक्या छपराखाली नवा माल रचणे. त्यांनी पत्रा पुन्हा बसवून घेतला. पत्रा आणि नळी यांत हवेची फट राखली, कारण अडसर जितका पत्र्याचा, तितकाच त्या हवेचाही असतो. तार मूळ मार्गाने नेऊन धातूच्या पकडींनी बांधली; प्लॅस्टिकच्या पट्ट्या तेथे टिकत नाहीत. नळीजवळच्या भागावर काचतंतूंची, ॲल्युमिनियमचा मुलामा असलेली बाही चढविली. मात्र तारेच्या हलत्या टोकाला ती अडकणार नाही, हे पाहिले. शेवटी दांडा ओढून-सोडून मागची दोन्ही चाके मोकळी फिरतात की नाही, याची खात्री करून घेतली.

प्रत्येक घराने एवढे तरी पाळावे. सायलेन्सरचे काम झाले की पत्रा आणि पकडी जागेवर आहेत ना, हे विचारावे. गाडीखालून पत्र्याचा खडखडाट आला, तर तो काढून फेकू नये, घट्ट करून घ्यावा. तपासणी गाडी थंड असतानाच करावी. घाट उतरताना खालच्या गिअरचा आधार घ्यावा; उतारावर उभी करताना हँडब्रेकसोबत गिअर आणि चाकाला ठोकळा असावा.

पत्र्याचा तुकडा आणि दोन पकडी यांचा खर्च किरकोळ खात्यात मावतो. त्या वाचवून जी जोखीम उतारावर उभी राहते, तिची रक्कम मात्र कोणत्याही वहीत मांडता येत नाही.