खाली दोन, वर दोन : ओल्डहॅममधले आमचे पहिले घर

मँचेस्टरहून ट्रामने ओल्डहॅमला उतरले की लाल विटांच्या घरांच्या रांगा दिसू लागतात. भिंतीला भिंत चिकटलेली, वर काळसर दगडी पाट्यांचे छप्पर, प्रत्येक घराला धुराडे. व्हिक्टोरिया राणीच्या काळात गिरणी कामगारांसाठी अशी घरे उठली. खाली दोन खोल्या, वर दोन, मागे लहानसा चौक व त्यापलीकडे बोळ. पूर्वी संडास त्या चौकाच्या टोकाला असे. परळच्या चाळीत डबा घेऊन रांगेत उभे राहिलेल्या आम्हां उभयतांना त्याचे नवल वाटले नाही.

ओल्डहॅम हे सूत कातणारे गाव. येथल्या प्लॅट ब्रदर्स कारखान्याची यंत्रे मुंबईच्या गिरण्यांत गेली. आमचे आजोबा त्याच सूतखात्यात होते. साचेखात्यात पगार जास्त, पण धोट्यातला धागा तोंडाने ओढावा लागे, म्हणून विटाळाच्या नावाखाली आपल्या माणसांना तेथे मज्जाव. बाबासाहेबांनी १९२८ च्या संपाच्या वेळी हा प्रश्न उघड मांडला होता.

मुंबईत भाड्याची खोली पाहताना पहिला प्रश्न आडनावाचा असे. येथल्या दलालाला आमचे आडनाव उच्चारताच येईना. त्याने पगाराच्या पावत्या आणि बँकेतली शिल्लक तेवढी मागितली. येथे सगळे गोड आहे असे नव्हे. याच गावात २००१ साली गोरे व आशियाई तरुणांत दंगल झाली.

इंग्लंडमध्ये मालकाने ‘हो’ म्हटले तरी करारांची अदलाबदल होईपर्यंत ते बंधनकारक नसते. मधेच कोणी जास्त पैसे देऊ केले तर घर हातचे जाते. आम्ही दहा टक्के रक्कम जमवून चार महिने जीव मुठीत धरून होतो. पहिले घर घेणाऱ्यास तीन लाख पौंडांपर्यंत मुद्रांक शुल्क नाही, हा मोठा आधार.

तपासणीस आलेल्या सर्व्हेअरने समोरच्या भिंतीतली ओल दाखवली. या भिंती नऊ इंची, भरीव, चुन्यात बांधलेल्या. चुना ओल बाहेर सोडतो. पुढे कोणीतरी सिमेंटने दरजा भरल्या, ओल आत कोंडली आणि गिलावा सुटू लागला. तो अहवाल पुढे ठेवला तेव्हा मालकाने दोन हजार पौंड कमी केले. घर घेणाऱ्या आपल्या मुलांनी या तपासणीचे पैसे वाचवू नयेत.

आईने फोनवर एकच विचारले, “जमीन आपल्या नावावर का?”

या भागात पुष्कळ घरे ९९९ वर्षांच्या भाडेपट्ट्यावर आहेत, आमचेही तसेच. जमिनीचे भाडे वर्षाला तीन पौंड. वकिलाने हिशेब करून सांगितला तो आम्ही आईला सांगितला, “अजून आठशेच्या वर वर्षे आपलीच आहेत, आई.”

“आणि मग?” आई म्हणाली.

आता चुन्याचे काम उरले आहे. ते कडाक्याच्या थंडीत करीत नाहीत. गवंडी एप्रिलात येईल. तोवर कपाट भिंतीपासून हातभर पुढे ओढून ठेवले आहे.