फाटकाच्या आतला समुद्र

फौजेत नोकरी करणाऱ्याला पगाराशिवाय काय काय मिळतं, याची आपल्याकडे बरीच चर्चा होते. कँटीनचं स्वस्त सामान, दवाखाना, रेल्वेची सवलत. अमेरिकन फौजेत या यादीत समुद्रकिनाराही असतो, हे मला माझ्या भाच्यामुळे कळलं.

हा भाचा म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचा, आपाचा मुलगा. भुसावळच्या उर्दू शाळेत शिकला, जळगावला इंजिनियर झाला आणि पुढच्या शिक्षणासाठी अमेरिकेत गेला. 2014 साली तो तिथल्या फौजेत भरती झाला. 2009 मध्ये अमेरिकेनं एक योजना काढली होती. तिचं छोटं नाव 'मावनी'. कायदेशीरपणे तिथं राहणारा परदेशी माणूस डॉक्टर किंवा नर्स असेल, किंवा फौजेला हव्या असलेल्या भाषांपैकी एखादी त्याला चांगली येत असेल, तर त्याला भरती करून घ्यायचे आणि नागरिकत्वही लवकर द्यायचे. भाषांच्या त्या यादीत उर्दू होती. 2016 पासून ही भरती थांबली, पण तोवर आमचा मुलगा आत गेला होता.

दरवर्षी जूनमध्ये पालक मला विचारतात, "सर, उर्दू शिकून नोकरी कुठं मिळणार?" तरीही भाच्याचं उदाहरण मी वर्गात कधी देत नाही. दिलं तर पुढचा प्रश्नही घ्यावा लागेल, की त्या फौजेला उर्दू कशासाठी हवी होती? अफगाणिस्तानात लढाई चालू होती, हे त्याचं उत्तर. आपानं त्या काळात किती रात्री जागून काढल्या, ते आम्हा घरच्यांना माहीत आहे. तो सुखरूप आहे, अल्हमदुलिल्लाह. सध्या टेक्सासमध्ये असतो. येत्या हिवाळ्यात आपा आणि दुल्हेभाई त्याच्याकडे जाणार आहेत, आणि आईबापाला हवाई बेटं दाखवायची असं त्यानं ठरवलंय. दोघांनी आयुष्यात समुद्र पाहिला तो मुंबईचा, तोही लग्नाच्या खरेदीला गेले तेव्हा.

राहायचं कुठं हे ठरवायचं काम माझ्याकडे आलं. भाचा म्हणाला, "मामू, अम्मी मला खरं सांगणार नाही. 'तुला परवडेल ते कर' एवढंच म्हणेल. तुम्ही विचारा." त्यानं ओआहू बेटावरची, म्हणजे होनोलुलू ज्या बेटावर आहे तिथली, तीन ठिकाणं पाठवली. तिन्ही फौजेची.

पहिलं हाले कोआ. हवाईयन भाषेत याचा अर्थ योद्ध्याचं घर. वाइकीकीच्या प्रसिद्ध किनाऱ्यावर 1975 मध्ये सुरू झालेलं हे मोठं हॉटेल फौजेतले लोक, निवृत्त सैनिक आणि त्यांच्या कुटुंबांसाठी आहे. सोबत पाहुणे चालतात. इथलं भाडं हुद्द्यावर ठरतं. ज्याचा हुद्दा खालचा त्याला कमी, वरच्याला जास्त. दुल्हेभाईंना ही गोष्ट फारच आवडली. त्यांची सगळी नोकरी रेल्वेत गेली. हुद्दा मोठा तशी खोली मोठी, हाच हिशोब त्यांच्या ओळखीचा. आमच्याकडच्या सरकारी विश्रामगृहात तर साहेब आले की शिक्षकानं पिशवी उचलायची असते. "खालच्या माणसाला स्वस्त! हे कुणाच्या डोक्यातून निघालं असेल?" असं ते दोनदा म्हणाले.

दुसरं बेलोज. बेटाच्या पूर्वेला, वाइमानालो गावाला लागून असलेला हवाई दलाचा तळ. इथं हॉटेल नाही. लांबच लांब पांढऱ्या वाळूवर झाडांच्या सावलीत बैठी घरं आहेत. प्रत्येकात स्वयंपाकघर आहे. 7 डिसेंबर 1941 ला पर्ल हार्बरवर हल्ला झाला तेव्हा या तळावरही गोळीबार झाला होता. एक छोटी जपानी पाणबुडी इथंच खडकात अडकली. तिच्यातला अधिकारी पोहत किनाऱ्याला लागला आणि अमेरिकेचा पहिला जपानी युद्धकैदी ठरला.

तिसरं वायआनाए. बेटाच्या पश्चिमेला, पोकाई नावाच्या शांत उपसागराकाठी लष्कराची घरं आहेत. या जागेला हर्बर्ट पिलिलाआऊ या सैनिकाचं नाव दिलंय. तो मूळचा हवाईयन, त्याच वायआनाएचा मुलगा. 1951 मध्ये कोरियाच्या लढाईत सोबत्यांना वाचवताना तो मारला गेला आणि त्याला अमेरिकेचं सर्वोच्च शौर्यपदक मरणोत्तर मिळालं.

मी कागदावर तीन रकाने पाडले. जेवणाचा प्रश्न आपासाठी सर्वांत मोठा. हॉटेलात उतरलं की दर जेवणाला हे चालेल का, ते चालेल का, अशी चौकशी. घर घेतलं तर शहरातून हलाल मटण आणायचं, समुद्राची मासळी आहेच, आणि मसाला आपा इथूनच नेणार. दुसरा प्रश्न गर्दीचा. वाइकीकीला सगळं जग येतं. आपा पूर्ण कपड्यांत, ओढणी घेऊन पाण्याकाठी बसणार. तिला कुणी काही म्हणणार नाही, पण आपल्याकडे बघतात असं वाटलं की ती उठून खोलीत जाईल. तिसरा प्रश्न पाण्याचा. वाइकीकीच्या बाजूला पौर्णिमेनंतर साधारण आठ ते दहा दिवसांनी पेटीच्या आकाराचे विषारी जेलीफिश किनाऱ्याजवळ येतात. म्हणजे आपल्या हिजरी महिन्याची बावीस ते पंचवीस तारीख. ज्या घरात चांद बघून दिवस मोजतात, त्यांना हे लक्षात ठेवायला सोपं. पूर्वेकडच्या किनाऱ्यावर वाऱ्याबरोबर वाहत येणाऱ्या निळ्या जेलीफिशचा त्रास असतो. तिथं रोजची पाटी वाचूनच पाण्यात पाय घालायचा.

हिशोब बेलोजकडे झुकत होता. अडचण होती फाटकाची.

हाले कोआला फाटक नाही. रस्त्यावरून सरळ आत जाता येतं. बेलोज हा तळ आहे. परदेशी नागरिकाला आत न्यायचं तर आधी माहिती कळवायची, पासपोर्ट दाखवायचा, परवानगी मिळवायची, आणि फौजेतला माणूस सोबत हवा. आपाचं आणि दुल्हेभाईंचं नाव, बापाचं नाव, जन्मगाव, सगळं कुणीतरी तपासणार. मुस्लिम वाचकांना हे समजावून सांगायला नको. विमानतळावर आपली रांग जरा सावकाश सरकते, हे आपल्याला सवयीनं ठाऊक झालंय. भाच्यालाही तीच काळजी होती. त्याच्या गणवेशाच्या फाटकावर त्याच्याच आईला बाजूला उभं केलं तर? "मामू, मग मी काय करू? सलाम करू की भांडू?" असं त्यानं मला विचारलं. माझ्याकडे उत्तर नव्हतं.

आणखी एक अडचण माझ्या मुलीनं काढली. ती कॉलेजात इतिहास शिकते. तिचा सवाल सरळ होता. "भाईजान ज्या जमिनीवर सुट्टी घालवणार, ती कुणाची?"

प्रश्न खरा आहे. हवाई हे स्वतंत्र राज्य होतं. 1893 मध्ये अमेरिकन व्यापारी आणि बागायतदारांच्या गटानं राणी लिलिउओकालानीला गादीवरून काढलं. त्या वेळी अमेरिकेचे नौसैनिक बंदुका घेऊन होनोलुलूत उतरले होते. 1898 मध्ये बेटं अमेरिकेला जोडली गेली आणि राजघराण्याच्या जमिनी सरकारजमा झाल्या. वाइमानालोची जमीनही त्यांतलीच. त्या घटनेबद्दल 1993 मध्ये अमेरिकन संसदेनं माफीचा ठराव केला, जमीन मात्र ठरावाबरोबर परत आली नाही. कहोओलावे नावाच्या एका अख्ख्या बेटावर फौजेनं 1941 पासून 1990 पर्यंत बाँबफेकीचा सराव केला. 1964 मध्ये सरावासाठी काही जमिनी 65 वर्षांच्या करारानं घेतल्या गेल्या, भाडं एक डॉलर. तो करार 2029 मध्ये संपतोय, आणि पुढं काय करायचं यावरून तिथं वाद चालू आहे.

भाषा शिकवणाऱ्याला आणखी एक गोष्ट टोचते. 1896 च्या कायद्यानं तिथल्या शाळांतून हवाईयन भाषा हटवली गेली. शिक्षणाचं माध्यम इंग्रजी झालं. 1978 मध्ये तिला राज्यभाषेचा मान मिळाला आणि 1984 पासून लोकांनी स्वतःच्या बालवाड्या काढून ती पुन्हा मुलांच्या तोंडात आणली. म्हणजे ज्या देशाला एका भुसावळच्या पोराची उर्दू कामाची वाटली, त्याच देशात एका बेटाची बोली शाळेतून बाहेर काढली गेली होती. त्या भाषेत जमिनीला 'आइना' म्हणतात, म्हणजे जी खाऊ घालते ती. उर्दूवाल्याच्या कानाला तो आरसा ऐकू येतो. आपल्या 'वतन' शब्दाचंही तसंच आहे. उर्दूत वतन म्हणजे मायभूमी, जुन्या मराठीत वतन म्हणजे पिढीजात हक्काची जमीन. हवाईयन माणसाच्या बाबतीत दोन्ही अर्थ एकदमच गेले.

हे सगळं मी भाच्याला सांगितलं. तो चिडला नाही. म्हणाला, "मामू, वाइकीकीचं खासगी हॉटेल तरी कुणाच्या जमिनीवर आहे? तिथं तळी होती, लोक मासे पाळायचे. ती बुजवून शहर झालं. बेलोजला निदान झाडं उरलीत." मग थोडं थांबून, "जायचंच नाही असं म्हणत असाल तर तसं सांगा." माझी मुलगी गप्प बसली, कारण तसं तिलाही म्हणायचं नव्हतं. बारा वर्षं परदेशात राहिलेल्या मुलाला आईला समुद्र दाखवायचाय. त्याला आम्ही इथं पंख्याखाली बसून नको म्हणायचं, हे तिच्या न्यायात बसेना.

शेवटी मी आपाला सगळं सांगितलं. फाटक, पासपोर्ट, तपासणी, जमीन, राणी, काही लपवलं नाही. माझी समजूत होती की ती हॉटेल निवडेल. ती म्हणाली, "इतकी वर्षं त्याच्या नोकरीचं फाटक मी फोटोत बघतेय. एकदा त्याच्यासोबत त्यातून आत जाऊ दे. नाव विचारलं तर सांगेन. माझं नाव काही चोरीचं नाही." मग तिनं विचारलं, "आणि त्या राणीची माणसं? ती आता कुठं राहतात?"

मी म्हटलं, काहीजण तिथंच, तळाच्या बाहेर, वाइमानालोत. हवाईयन कुटुंबांसाठी राखलेली वस्ती आहे तिथं.

या एका प्रश्नानं आमच्या तारखा बदलल्या. भाचा सोमवार ते गुरुवार घर घेणार होता, कारण बेलोजच्या किनाऱ्याचा एक भाग शुक्रवार दुपारपासून रविवार रात्रीपर्यंत सगळ्यांसाठी उघडतो. गावातली कुटुंबं येतात, तंबू ठोकतात, चुली पेटवतात, पोरं लाटांत लोळतात. त्या गर्दीतून वाचायचा त्याचा बेत होता. आता आम्ही नेमके तेच दिवस मागितलेत. शुक्रवारी होनोलुलूच्या मनोआ भागातल्या मशिदीत जुम्मा, तिथून डोंगर ओलांडून बेलोज. आपानं डबे भरून आणलेलं कुणाला द्यावं, कुणी दिलेलं घ्यावं. त्यानं जमिनीचा हिशोब मिटत नाही, हे माझ्या मुलीनं मला बजावलंय आणि ते मी मान्य केलंय. पण ज्यांच्या अंगणात आपण बसणार, ती माणसं घरी असतील तेव्हा जावं, एवढं तरी आपल्या हातात आहे.

भाच्यानं कागद पुढे पाठवलेत. परवानगी यायची आहे. आपाची तयारी सुरू झालीय आणि रोज एखादा नवा प्रश्न येतो. कालचा प्रश्न किबल्याचा होता. नकाशा काढला तर गंमत निघाली. मक्का, भुसावळ आणि होनोलुलू तिन्ही साधारण एकविसाव्या अक्षांशावर आहेत. पण पृथ्वी गोल. इथं आपण पश्चिमेला तोंड करतो, तिथं उत्तरेला, किंचित पश्चिमेकडे वळून करावं लागेल. आपाला ते पटेना. मग मी घरातला पृथ्वीगोल आणि दोरा घेऊन तिच्याकडे गेलो. होनोलुलू ते मक्का दोरा ताणून धरला. दोरा ध्रुवाजवळून गेला. तिनं बोट ठेवून तो दोनदा तपासला, आणि मग स्वयंपाकघरात जाऊन मसाल्याची पिशवी किती किलोची होते ते बघायला लागली.